पास झालेली मुलगी परत बारावीला का बसते

परवा हर्णै बंदरात लिलाव आटपल्यावर एका जुन्या दोस्ताने विचारलं, "काय रे, पोरगी यंदा घरीच?" म्हटलं, बारावीला परत बसतेय. त्याचा आवाज एकदम खाली आला. "अरे, पण पास झालेली ना ती?"

हो, पास झालेली. ५ मेला निकाल लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, त्यातला एक यानेही खाल्ला होता. मे महिन्यापासून हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझ्या लेकीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय. रत्नागिरीजवळ आहे, आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची पदवी. हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं नाही. मी लिलावाचे हिशेब लिहितो, लहानपणी शाळा सुटली की ती माझ्याकडे यायची आणि टोपलीतल्या बांगड्यांचे कल्ले उघडून बघत बसायची. बायका ओरडायच्या, हिला फरक नाही. आजही घरात मासळी आली की साफ करायला आधी ही बसते, आणि पोटात अंडी सापडली तर सगळ्यांना बोलावून दाखवते.

अशा मुलीला प्रवेशाच्या सीईटीत इतके कमी मार्क पडले की यादीत नाव यायची आशाच नव्हती. जीवशास्त्र बरं गेलं, बुडाली ती फिजिक्समध्ये. का, ते ऐका. अकरावीला तिच्या कॉलेजात फिजिक्सची जागा रिकामी होती. दिवाळीनंतर तासिका तत्त्वावर एक सर आले, चांगले शिकवायचे, पण फेब्रुवारीत दुसरीकडे नोकरी लागली आणि ते गेले. बारावीला अर्धं वर्ष बायोलॉजीच्या मॅडमनीच फिजिक्स ओढलं. त्यांना दोष देणार नाही, त्या होत्या म्हणून निदान पुस्तक तरी उघडलं. निकालानंतर एका रात्री लेक जर्नल घेऊन माझ्यासमोर बसली. "पप्पा, मीटर ब्रिजची सगळी रीडिंग यात लिहिलीत मी. पण मीटर ब्रिज कसा असतो ते मी बघितलेलंच नाही." मीटर ब्रिज म्हणजे तारेचा विद्युत रोध मोजायचं उपकरण.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. पहिल्याच फटक्यात सगळ्या विषयांत पास झालेल्या मुलांना मार्क वाढवायला पुन्हा बसता येतं, पुढच्या तीन परीक्षांपर्यंत. जून-जुलैची संधी आम्ही मुद्दाम सोडली. दीड-दोन महिन्यांत दोन वर्षांचं फिजिक्स होत नसतं. नुसती सीईटी परत दिली असती तरी चाललं असतं, हेही खरं आहे. पण सीईटीत वीस टक्के अकरावीचं असतं, ऐंशी टक्के बारावीचं, आणि हिचं दोन्हीकडचं फिजिक्स कच्चं. तीच म्हणाली, पाया घालून घेते, बोर्डाचा पेपर पुढे असला की टाळाटाळ होणार नाही. आता फेब्रुवारीत परीक्षा.

"वर्ष फुकट जाईल" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की न शिकता पास झालेली दोन वर्षं कुठल्या खात्यात मांडायची? आपलं कोकण मंडळ सुरू झाल्यापासून राज्यात पहिलं येतं. २०२५ ला ९६.७४ टक्के. मलाही अभिमान आहे. पण शंभरातली शहाण्णव मुलं पास होतात त्या गावात "मला आलं नव्हतं, मी परत शिकतोय" म्हणायला फार मोठं काळीज लागतं. अठरा वर्षांच्या पोरीने ते दाखवलं आणि आपण तिला विचारतो, काय झालं म्हणून.

मुलगी असली की याला आणखी एक शेपूट चिकटतं. कॉलेजला जाणारी मुलगी "शिकतेय", परत परीक्षेला बसणारी "घरी आहे". घरी आहे म्हटलं की स्थळं येतात. गणपतीत दोन आली. एक तर नात्यातलंच, माणसं चांगली. आमच्या हिने चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "ती घरी नाहीये, बारावीला आहे."

एसटीचं सांगायलाच हवं. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट मिळतो. ही बारावीचाच अभ्यास करते, त्याच रस्त्याने दापोलीला क्लासला जाते, पण कॉलेजच्या पटावर नाव नाही म्हणून पास नाही. अर्ध्या तिकिटात जाते, तेही बाईमाणूस म्हणून. कॉलेजची लायब्ररी बंद, प्रयोगशाळा बंद. परीक्षेला बसायची परवानगी आहे, मग शिकायची सोय का नाही? ज्या प्रयोगशाळेत तिला दोन वर्षं काही दाखवलं गेलं नाही, तिथे महिन्यातून एक शनिवार या मुलांना येऊ द्या. शिपाई असतो, वीज असते, सामानही कपाटात असतं. यावर आमदारांनी, संस्थाचालकांनी कुणीतरी बोला.

मी स्वतः बारावीनंतर वर्ष जाऊ नये म्हणून मिळेल तिथे नाव घातलं. मुंबईला काकांकडे राहून कॉमर्स केलं. मला त्यातलं काहीच नको होतं. एक वर्ष वाचवलं आणि त्यापायी मुंबईत नको त्या कामात अकरा वर्षं काढून परत आलो.

प्रत्येकाने असंच करावं असं मी म्हणत नाही. मुलाला काय हवंय तेच ठाऊक नसेल तर घरी बसवून ते कळणार नाही. ज्या घरात त्याच्या पगाराची वाट बघतायत, त्यांना मी काय सांगणार? आम्हालाही सोपं नाही. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, लिलाव नाही, आणि नेमकी तेव्हाच क्लासची फी भरायची होती. हिच्या आईने दोन बांगड्या गहाण ठेवल्या. ते आमचं आम्ही ठरवून केलंय.

आता कामाचं. मुंबईत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले एक सर आंजर्ल्याला राहायला आलेत. दर रविवारी सकाळी दहाला आमच्या पडवीत शिकवायला तयार झालेत, पैसे घेणार नाहीत. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी आहेत, अजून सात-आठ जण आरामात बसतील. हर्णै, पाजपंढरी, आंजर्ले या बाजूला परत बसणारी मुलं असतील तर पाठवा, मुलगेही चालतील. आणि कुणाच्या माळ्यावर जुना मीटर ब्रिज, गॅल्व्हानोमीटर, लेन्स असं काही पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.