भ्रूणातला आजार ‘एडिट’ करून मिळत नाही

थॅलेसेमिया मायनर असलेल्या (म्हणजे या आनुवंशिक रक्तदोषाचे फक्त वाहक असलेल्या), आता मूल हवं असलेल्या जवळच्या एका जोडप्याला कुणीतरी तो मेसेज पाठवला आणि त्यांचा प्रश्न आला, ‘हे कुठे करून मिळतं?’ म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देण्याइतका वेळ कुणाकडे आहे?

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. क्रिस्पर या जीन कापणाऱ्या तंत्राने भ्रूणातला कुठलाही आनुवंशिक आजार कापून काढता येतो. भ्रूण तपासूनच गर्भाशयात सोडतात, म्हणून धोका शून्य. चीनमध्ये २०१८ साली हे यशस्वी झालं, त्या जुळ्या मुलींना आयुष्यात एड्स होणार नाही. अमेरिकेने सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारासाठी याच तंत्राला मान्यता दिली. भ्रूणावरची बंदी मात्र औषध कंपन्यांनी आणि धर्मगुरूंनी लादलेली. ती उठली की उंची आणि बुद्धीही निवडता येईल.

सिकलसेलचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो आधी देऊन टाकू. कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. चाचणीत ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यातल्या २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा एकही झटका आला नाही. हे मोठंच यश आहे. पण यात होतं काय? रुग्णाच्याच रक्तातल्या स्टेम सेल (नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) बाहेर काढतात, प्रयोगशाळेत एडिट करतात, बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि एडिट केलेल्या पेशी परत सोडतात. लाखो पेशींपैकी काही बिघडल्या किंवा एडिट झाल्याच नाहीत, तरी उरलेल्यांवर काम भागतं. बदल त्या माणसापुरता राहतो, त्याच्या मुलांत उतरत नाही. भ्रूणात सुरुवातीला पेशी एकच असते. तिथे चुकलं तर ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत जाते, आणि पुढच्या पिढीतही.

आता चीन. हे जियानकुई (‘हे’ त्यांचं आडनाव) या चिनी शास्त्रज्ञांनी सीसीआर५ हा जीन निकामी करायचं ठरवलं, कारण काही लोकांत या जीनमधली डीएनएची ३२ अक्षरं निसर्गतःच गाळलेली असतात आणि आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती तशा असल्या की एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना पेशीत शिरता येत नाही. त्यांनी स्वतः हाँगकाँगच्या परिषदेत दाखवलेली माहिती बघा. एका मुलीच्या एका प्रतीतून ४ अक्षरं गेली, दुसऱ्या प्रतीत एक जादा घुसलं. दुसऱ्या मुलीच्या एका प्रतीतून १५ अक्षरं गेली आणि दुसरी प्रत जशीच्या तशी राहिली. म्हणजे ३२ अक्षरांचा तो नैसर्गिक बदल दोघींपैकी एकीतही नाही. जे बदल झाले ते त्याआधी कुठल्याच माणसात तपासलेले नव्हते. दुसऱ्या मुलीची एक प्रत शाबूत आहे हे भ्रूण सोडण्याआधीच कळलेलं होतं, तरी ते सोडलं. सीसीआर५ऐवजी सीएक्ससीआर४ या दुसऱ्या वाटेने पेशीत शिरणाऱ्या एचआयव्ही विषाणूंना तर यातून अडवताच येत नाही. शिवाय सीसीआर५ नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग जास्त जड जातो, हेही माहीत होतं.

सगळ्यात संतापजनक भाग पुढेच आहे. वडील एचआयव्हीबाधित होते, आई नव्हती. अशा जोडप्यांसाठी शुक्राणू धुऊन आयव्हीएफ करायची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, आणि इथेही ती वापरलीच होती. त्या मुलींना जन्मतः एचआयव्ही होणारच नव्हता. कुठल्याही आजाराशिवाय दोन निरोगी भ्रूणांवर प्रयोग झाला. संमतीपत्रात त्याला ‘एड्सविरोधी लस विकसित करण्याचा प्रकल्प’ म्हटलं होतं, आणि नैतिकता समितीची कागदपत्रं बनावट असल्याचं निष्पन्न झालं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड सुनावला. मेसेजमध्ये याला ‘यशस्वी’ म्हटलंय!

‘तपासूनच सोडतात’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

कॅस-९, म्हणजे क्रिस्परमधली कात्री, फक्त कापतं. जोडायचं काम पेशी तिच्या पद्धतीने करते, आणि बहुतेक वेळा चार-दोन अक्षरं गाळून किंवा घुसडून टोकं चिकटवते. आपण दिलेला योग्य डीएनएचा नमुना बघून दुरुस्ती क्वचित होते. २०१५ साली चीनमध्येच थॅलेसेमियाच्याच जीनवर, वाढू न शकणाऱ्या ८६ भ्रूणांवर पहिला प्रयोग झाला. ७१ तगली, ५४ तपासली, २८ मध्ये कापलं गेलं आणि फक्त ४ मध्ये दिलेला नमुना बसला. तीही मिश्र, म्हणजे काही पेशी बदललेल्या, काही नाहीत.

त्याहून वाईट गोष्ट २०२० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आली. कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने अंधत्व आणणारा ईवायएस जीन निवडला. दोष वडिलांकडून आलेल्या प्रतीत होता आणि कात्री फक्त तिलाच लावली. नेहमीच्या चाचणीत अनेक भ्रूणांत आईची निरोगी प्रतच दिसत होती. वाटलं, दुरुस्त झालं. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या ठिकाणी तुटलेलं जोडलंच गेलं नव्हतं, आणि पुढच्या पेशीविभाजनात सहाव्या गुणसूत्राचा एक हात (म्हणजे एक बाजू), कधी दोन्ही, हरवले होते. वडिलांची प्रत चाचणीत सापडत नव्हती ती यामुळे. म्हणजे ‘दोष दिसत नाही’ असा रिपोर्ट दुरुस्त भ्रूणाचाही येतो आणि गुणसूत्र गमावलेल्या भ्रूणाचाही.

त्यात तपासायला मिळतात किती पेशी? पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा, ज्यातून पुढे वार बनते. बाळ ज्या आतल्या पेशींपासून बनतं, त्यांना हात लावता येत नाही. भ्रूण मिश्र असेल तर या पाच-दहा पेशी आतल्यांबद्दल काहीही खात्री देत नाहीत. डीएनएचे दोन्ही धागे न कापता एखादंच अक्षर बदलणारं बेस एडिटिंग या बाबतीत बरं आहे, हे मान्य. पण मिश्र भ्रूण आणि शेजारचंच अक्षर बदललं जाणं, या अडचणी तिथेही सुटलेल्या नाहीत.

बंदीमागे औषध कंपन्या? कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. एडिटिंग विकणारे हेच लोक आहेत हो. आणि नियमन म्हणजे सरसकट नकार, हेही खोटं. ब्रिटनने २०१५ मध्ये मायटोकॉन्ड्रिया दानाला (आईच्या पेशींतल्या सदोष ऊर्जाकेंद्रांऐवजी दुसऱ्या स्त्रीची निरोगी वापरण्याला) कायद्याने वाट करून दिली, तीही प्रत्येक जोडप्यासाठी नियामकाची स्वतंत्र परवानगी घेऊन, आणि २०२५ मध्ये अशा आठ बाळांची माहिती प्रसिद्ध झाली. भ्रूणाच्या जनुकीय बदलाबद्दल २०२३ च्या लंडनमधल्या मानवी जीन-एडिटिंगवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सध्या अस्वीकार्य’ म्हटलं, ते सुरक्षिततेचे पुरावे आणि देखरेखीची व्यवस्था नाही म्हणून. यात धर्मगुरू कुठून आले? साधा व्यवहाराचा प्रश्न बघा: एडिटिंगच्या उपचारानंतर प्रौढ रुग्णाचा १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा अपेक्षित असतो, आणि तो त्यातून बाहेर पडू शकतो. भ्रूणाच्या बाबतीत त्या मुलाच्या मुलांचाही पाठपुरावा कुणी करायचा, आणि त्यांची संमती कुणी द्यायची?

उंचीबद्दल एकच आकडा देतो. ५४ लाख लोकांच्या अभ्यासात डीएनएमधल्या उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा सापडल्या, आणि त्यातूनही युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्केच फरक उलगडला. बुद्धीचं तर बोलूच नका.

राहिला त्या जोडप्याचा प्रश्न. दोघेही मायनर असले तर प्रत्येक गर्भाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे चारातली सरासरी तीन भ्रूणं आपसूकच सुटलेली असतात, एडिट करण्यासारखं त्यात काही नाही. आधी दोघांच्या एचबीबी या हिमोग्लोबिनच्या जीनमधले नेमके बदल डीएनए चाचणीने शोधून घ्या. ते कळल्याशिवाय पुढचं काहीच करता येत नाही. मग दोन रस्ते. आयव्हीएफ करून पीजीटी-एमने (एडिट न केलेल्या भ्रूणाच्या काही पेशींत तो दोष आहे का हे तपासून) भ्रूण निवडणं, ज्यात एका चक्रात हाती भ्रूणं कमी येतात आणि दोनतीनदा करावं लागू शकतं. किंवा नैसर्गिक गर्भधारणा झाल्यावर दहा ते तेरा आठवड्यांत वारेच्या पेशींची सीव्हीएस तपासणी. जनुकीय समुपदेशकाकडे जाताना दोघांचे हिमोग्लोबिन एचपीएलसीचे (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचे) रिपोर्ट सोबत न्या, आणि तो मेसेज डिलीट करा.