झडती

दोन कॉम्प्युटर वायरने जोडायचेत, असं कुणालाही सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बायकोकडे जरा कणवेने बघतो आणि विचारतो, "पेनड्राईव्ह नाही का?"

आहे ना. १६ जीबीचा आहे. जुन्या कॉम्प्युटरवर माल होता ३८० जीबी. म्हणजे चोवीस फेऱ्या. त्यात पेनड्राईव्हचं फॉरमॅट फॅट-३२, त्याच्या पोटात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल जात नाही, आणि भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ एकटाच ११ जीबीचा. त्यातला निम्मा वेळ नुसता ड्रोन मंडपावर घिरट्या घालतोय, पण कापायचा कुणी? बहीण महिनाभर बोलणार नाही.

पुण्याच्या मेहुण्याने फोनवर सल्ला दिला, "दाजी, क्लाऊडवर टाका ना!" क्लाऊडवर फुकट जागा मिळते १५ जीबी. बाकीच्या ३६५ जीबीचं भाडं मेहुणा भरणार होता का, हे विचारायचं बायकोच्या समोर जमलं नाही. आणि मला ते तत्त्वतःच पटत नाही. इंदिरानगरातल्या एका टेबलावरचा फोटो शेजारच्या टेबलावर न्यायला तो आधी कुठल्यातरी परमुलखातल्या गोदामात ठेवून यायचा, ही काय रीत झाली?

हे सगळं करणं भाग होतं, कारण विंडोज १० ला मिळणारे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि आमच्या जुन्या डबड्यावर ११ चढत नव्हतं. म्हणून नवा घेतला. जुन्याला वायफाय नाही, राउटर हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. जुन्या-नव्या कॉम्प्युटरमध्ये अंतर चार फूट.

वायर आणायला एम.जी. रोडला गेलो. तिथे गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दुकानातल्या पोराने मान वर न करता विचारलं, "क्रॉस की स्ट्रेट?" जुन्या काळी दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर क्रॉस केबलच लागायची. वायरीत आठ तारा, चार जोड्या पिळलेल्या. एका टोकाला पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा असा क्रम, तर दुसऱ्या टोकाला हिरव्या आणि नारिंगी जोडीची अदलाबदल, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. नाहीतर तोंडाला तोंड आणि कानाला कान. गिगाबिट, म्हणजे वेगवान नेटवर्क कार्डं आली तेव्हापासून ही अदलाबदल कार्डच आतल्या आत करून घेतं. मी हे सगळं त्या पोराला समजावून सांगितलं आणि स्ट्रेट मागितली. तो म्हणाला, "काका, घरी पेनड्राईव्ह नाहीये का?"

घरी येऊन वायर खोचली. खट्ट आवाज झाला, हिरवा दिवा लागला, मुलगी टाळ्या वाजवून मोबाईलकडे परत गेली. आणि पुढे काहीच झालं नाही. राउटर मध्ये नसला की कॉम्प्युटरांना नेटवर्कवरचे पत्ते वाटायला कुणी नसतं, त्यामुळे दोन्ही यंत्रांनी स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते लावून घेतले. मला ते उपरे वाटले. मी एकाला १९२.१६८.१.१ दिला, दुसऱ्याला १९२.१६८.१.२, खाली २५५ ची माळ. मग इकडून तिकडे पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर उत्तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. चार फुटांवरून!

इथे नानांचा प्रवेश झाला. आमचे नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, नाशिकमध्ये नुसतं 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र नाही, नोटांचा छापखाना. १९२८ पासूनचा. उभी हयात झडती देऊन बाहेर पडलेला माणूस.

"काय म्हणतोय?" नानांनी विचारलं.

"विंडोजची फायरवॉल, म्हणजे पहारेकरी, अडवतेय. ओळख नसलेलं नेटवर्क आहे म्हणून त्याला 'पब्लिक' समजतोय. हाकेला ओ द्यायची नाही, शेअरिंग बंद."

"बरोबर आहे," नाना म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

म्हणजे इतका वेळ घरात एकालाही या प्रकरणात रस नव्हता, आणि ज्याला आला तो विरुद्ध पार्टीचा निघाला. मी 'पब्लिक'चं 'प्रायव्हेट' केलं. नाना म्हणाले, "विचारून केलंस?" मी नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली, फोल्डर शेअर केला. आता नव्यावर जुन्याचं नाव दिसायला लागलं. क्लिक केलं तर युझरनेम आणि पासवर्डची चौकट.

जुन्याला पासवर्डच नव्हता. घरातला कॉम्प्युटर, त्याला कसला पासवर्ड? तर ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्याला विंडोज समोर बसून काम करू देतं, वायरीवरून आत येऊ देत नाही. नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी चष्मा पुसला. "गेटवर ओळखीचा हवालदार असला तरी पास दाखवावाच लागतो. मी साहेबांनासुद्धा दाखवताना पाहिलंय."

पासवर्ड लावला. नानांच्या देखरेखीखाली, आठ अक्षरांच्या वर, त्यात एक आकडा. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, त्या चोवीस फेऱ्या एव्हाना झाल्या असत्या." नाना आणि मी, दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. इतकी एकी आमच्यात बऱ्याच वर्षांनी झाली होती.

आणि मग माल सुटला. सेकंदाला ११० एमबी! भाचीचं अख्खं लग्न, ड्रोनसकट, दोन मिनिटांच्या आत पार पडलं. बारीकसारीक फोटो आले की वेग मंदावायचा आणि खिडकी कधी 'तीन मिनिटे' म्हणायची, कधी 'पाच तास', पण ते चालायचंच. मी चहाला उठलो, मुलीला लक्ष ठेवायला बसवलं.

परत आलो तर कॉपी पूर्ण. मी वायर काढणार, इतक्यात नाना म्हणाले, "थांब. मोजणी?"

मोजणी केली. जुन्यावर ४१,२०७ फाईली. नव्यावर ४१,२०६.

"एक कमी आहे," नाना उभे राहिले. "कुणी जेवायला उठायचं नाही."

चौकशीत मुलीने कबुली दिली. मध्येच एक चौकट आली होती, फाईलचं नाव फार लांब आहे म्हणत होती, तिने 'स्किप' दाबलं. विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण रस्ता साधारण २६० अक्षरांपर्यंतच चालतो. आमच्याकडे 'जुन्या कॉम्प्युटरमधलं' नावाच्या फोल्डरात त्याच्याही आधीच्या कॉम्प्युटरमधलं 'जुन्या कॉम्प्युटरमधलं', त्यात 'नवा फोल्डर', त्यात 'नवा फोल्डर (२)', त्यात 'डिलीट करू नये', असं खोल खोल गेलेलं होतं. नव्या मशीनवरचा रस्ता मुळात लांब, त्यामुळे तळाची एक फाईल उंबऱ्यावरच अडकली.

फोल्डरांची नावं तोडली, फाईल आणली, उघडली. २०१६ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं ते दाखवायला काढलेला फोटो, आणि मारुतीच्या जागी, छातीपासून वर, भलामोठा अंगठा.

नानांनी फोटो मोठा करून पाहिला, स्वतःचा अंगठा शेजारी धरला, मान हलवली. मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत तारीख घालून ४१,२०७ लिहिलं, खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. मीही केली. तेव्हा कुठे त्यांनी मुलीला पानं घ्यायला सांगितली.