सेम इंजिन, मग एक गाडी ओढते आणि दुसरी रडते का?

काल कट्ट्यावर दीड तास यातच गेला. ड्रायव्हर मित्राचं म्हणणं असं की दोन्ही ट्रकला सेम इंजिन, प्लेटवर सेम २५० एचपी, लोडही सारखाच, तरी चढाला एक पाचव्यात निघून जाते आणि दुसरीला चौथा टाकावा लागतो, म्हणजे दुसरीचं इंजिन बसलंय, उघडायलाच पाहिजे.

"इंजिन नंतर उघड," मिस्त्री म्हणाला, "आधी क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरजोडीचा, रेशो बघितलास का?"

नव्हता बघितला. मग मी मोबाईलवर हिशोब केला. समजा इंजिन ९०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, देतंय आणि गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे गिअरबॉक्स ती ताकद वाढवत-घटवत नाही, तर मागे ६ चा रेशो असेल तर चाकाला ५४०० मिळतात आणि ५ चा असेल तर ४५००. इंजिनाला हात न लावता २० टक्के फरक! टायर लहान असेल तर ओढ अजून वाढते. अर्थात सपाटीला त्याच स्पीडला ६ रेशोवाल्या गाडीचं इंजिनही २० टक्के जास्त फिरतं, म्हणजे जास्तीचं डिझेल आलंच.

"मग मी गिअर खाली टाकला की झालं ना सारखं?" ड्रायव्हर म्हणाला.

मुद्दा बरोबर होता, मला तो पटलाही. चढ चढताना शेवटी पॉवरच लागते, आणि पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. पण २५० एचपी हा आकडा फक्त वरच्या आरपीएमचा, समजा २३०० चा, आणि आपण चढाला असतो १२०० ला. तिथे एक इंजिन ९५० न्यूटन मीटर देत असेल आणि दुसरं ८००, तर एकाकडे १६० एचपी आहेत आणि दुसऱ्याकडे १३५. प्लेट सेम, हातात येणारी गाडी वेगळी. ब्लॉक तोच ठेवून ईसीएमचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) प्रोग्रॅमिंग आणि टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) बदलला तरी एवढं होतं, म्हणून 'सेम इंजिन' हा शब्द मला फसवा वाटतो.

पिकअपची, म्हणजे पेडल दाबल्यावर गाडी किती पटकन उठते याची, गोष्ट अजून वेगळी. मोठा टर्बो उशिरा फिरायला लागतो, आणि बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, येईपर्यंत ईसीएम डिझेलच आवरून सोडतो, नाहीतर काळा धूर होईल, त्यामुळे तुम्ही पेडल तळाला दाबलं तरी तेवढा वेळ गाडी ऐकत नाही. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज चिरलेला असेल तर सेम लक्षण, आणि ती चीर आयडलला दिसत नाही, बूस्टचं प्रेशर आलं की उघडते. मिस्त्रीने सांगितलं की अशी तक्रार आली की तो आधी एअर फिल्टर, होज, क्लिपा बघतो, मग ब्रेक धरतायत का ते, नोझलला (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला) त्यानंतर हात. मला हाच क्रम योग्य वाटतो, कारण विनाकारण उघडलेलं इंजिन पुन्हा तसंच बसेल याची खात्री कोण देणार.

पेडलचं तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता ॲक्सिलरेटरला केबल नसते, पेडल फक्त मागणी करतं, आणि एखाद्या गाडीत अर्ध्या दाबालाच बरीचशी मागणी जाते, म्हणून ती तिखट वाटते, फुल दाबल्यावर दोघी सारख्याच निघू शकतात.

ड्रायव्हर अजून पूर्ण मानलेला नाही. पण ठरलंय की दोन्ही गाड्या सारख्याच लोडने, त्याच चढाला, एकाच गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून न्यायच्या आणि १२०० ते १८०० आरपीएमला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि त्याआधी दोन्हींचा रेशो आणि टायरचा साईज लिहून आणायचा. तोपर्यंत इंजिनाला पाना लागणार नाही, एवढं त्याने कबूल केलंय.