बरोक ट्रम्पेटची भोकं आणि अकरावा स्वर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या, जर्मन दरबारांमधल्या ट्रम्पेटवादनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. पहिला, ‘त्या काळच्या ट्रम्पेटला (बोटांनी उघडझाप करायची) भोकं नव्हती’ हे माझं विधान चूक आहे. जर्मन संगीतकार बाखच्या रचनांच्या मैफलीत तुम्ही वादकाच्या हातातल्या गोल ट्रम्पेटची भोकं डोळ्यांनी पाहिलीत, आणि बाखच्या काळातला ट्रम्पेटवादक गॉटफ्रीड राइखे याच्या तैलचित्रातलं वाद्य हुबेहूब तसंच आहे. दुसरा, भोकं नसती तर मध्यम आणि धैवत बेसूर लागले असते, आणि राजेरजवाड्यांनी ते खपवून घेतलं नसतं.

तुम्ही भोकं पाहिलीत यात शंकाच नाही. पण ती १९६० च्या सुमाराची आहेत. ओटो श्टाइनकोप्फ आणि हेल्मुट फिंके या वाद्यकारागिरांनी तेव्हा तीन भोकांचा गोल ट्रम्पेट तयार केला. आकार घेतला हाउसमाननं १७२७ च्या सुमारास रंगवलेल्या राइखेच्या त्याच चित्रावरून, भोकं मात्र स्वतःची घातली. चित्रातल्या वाद्याला ती नाहीत. (राइखे दरबारी वादकही नव्हता, तो लाइपझिग शहराच्या नोकरीत होता.) एक चूक मात्र माझी: ‘अठराव्या शतकात कुठेच नव्हती’ असं मी लिहायला नको होतं. लंडनच्या विल्यम शॉचा १७८७ चा भोकांचा ट्रम्पेट आहे. तो इंग्लंडमधला आणि बाखच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी बनलेला, म्हणून मूळ मुद्दा बदलत नाही, पण वाक्य दुरुस्त करतो.

आता स्वरांचं. सी पट्टीच्या ट्रम्पेटची नळी साधारण ८ फूट. तुतारीसारखंच, नळीची लांबी ठरलेली आणि स्वर बदलायचा तो ओठांनी. तानपुऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच स्वरमालिकेतले स्वर इथे एकेक करून फुंकायचे. खालून मोजत आठवा स्वर सा धरला तर ९ रे, १० ग, १२ प, १५ शुद्ध नी, १६ तार सा. अडचण ११ आणि १३ ची. एका अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर ११ वा शुद्ध मध्यमापेक्षा ५० च्या आसपास चढा आणि तीव्र मध्यमापेक्षा तितकाच उतरलेला, म्हणजे दोघांच्या मधोमध लटकलेला. १३ वा धैवत तर ना धड कोमल ना शुद्ध.

आजच्या वाद्यात अंगठ्याचं भोक उघडलं की अख्खी मालिका सा वरून मध्यमावर सरकते. मग मध्यम हा नव्या मालिकेचा ८ वा आणि धैवत १० वा होतो, दोन्ही आयते सुरात. उरलेली भोकं शेजारचे स्वर दाबतात, त्यामुळे चुकीच्या स्वरावर घसरण्याची भीती कमी होते. या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाद्याला ‘अस्सल’ म्हणण्याबद्दल.

दरबारी वादक हेच काम ओठांनी करत. ११ वा खाली ओढून शुद्ध मध्यम करायचा, वर ढकलून तीव्र. खाली ओढणं तुलनेनं सोपं, पण ओठ जरा जास्त सैल पडले की स्वर फुटून १० वर कोसळतो. शिवाय जोरात फुंकलं की स्वर नळीच्या मूळ जागेवर घट्ट बसतो आणि हलत नाही, म्हणून वरच्या सप्तकातलं हे वादन, ज्याला क्लारिनो म्हणत, हलक्या फुंकीचं काम होतं. वाद्यही साथ देणारं हवं. न्यूरेंबर्गच्या कारागिरांच्या ट्रम्पेटचे सांधे झाळलेले नसत, एकात एक बसवून मेणानं बंद केलेले असत. एखाद्या सांध्यातून हवा गळली की पहिले डळमळतात ते वरचे स्वर.

सगळ्यांना हे जमण्याची गरजही नव्हती. म्युनिकचा दरबारी ट्रम्पेटवादक बेंदिनेल्ली यानं १६१४ मध्ये लिहून ठेवलेली पाच जणांची रचना बघा: सर्वांत खालचा एकच सा धरून बसलेला, त्याच्या वरचा प, म्हणजे तानपुराच! मधले दोघे धून वाजवणारे, आणि फक्त पाचवा वर आयत्या वेळी रचून वाजवणारा. सम्राट फर्डिनांड दुसरा यानं १६२३ मध्ये ट्रम्पेट आणि नगारेवाल्यांच्या संघाला सनद दिली, आणि शिकाऊ मुलाला दोन वर्षं उस्तादाकडे घालवावी लागत. कान आणि ओठ तयार व्हायला वेळ दिला जात होता.

संगीतकारही वाद्य ओळखून लिहीत. बाखची दुसरी पत्नी अ‍ॅना माग्डालेना ही दरबारी ट्रम्पेटवादकाची मुलगी, तेव्हा पुढे या कसबाची माहिती त्याच्या घरातच आली. १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी (वाद्यमेळाच्या रचनांपैकी) दुसऱ्यात संथ, मायनरमधल्या (कोमल गंधाराच्या) भागात ट्रम्पेट पूर्ण गप्प आहे. जलद भागांत मध्यम बहुधा चालता चालता स्पर्श करून जातो.

तरीही कुठेकुठे कणसूर लागत असणार, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण पियानोच्या पट्टीनं मोजून त्याला बेसूर ठरवणं मला पटत नाही. श्रुतींचा भेद मानणाऱ्या आपल्या कानांना तर ते पटूच नये. झाँ-फ्राँस्वा मादफसारखे वादक आज भोकांशिवाय वाजवतात, ते जरूर ऐका.

आणि त्या मैफलीचं चित्रण हाताशी असेल तर वादकाचे हात बघा. भोकांचं वाद्य असेल तर बोटं नळीवर उघडझाप करताना दिसतील. बिनभोकांचा ट्रम्पेट एका हातात धरतात, दुसरा हात मोकळा, बहुतेकदा कमरेवर.