पॉइन्सेटिया भेट द्यावं की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाताळला पॉइन्सेटियाचं झाड (कुंडीतलं, लाल दिसणारं शोभेचं झाड) भेट द्या, असं मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि जरा चिडूनच आली आहे. झाड विषारी आहे, लाल रंग औषधं मारून आणलेला असतो आणि जानेवारी संपेपर्यंत पानं गळून ते मरतं. म्हणजे ही भेट नव्हे, दुसऱ्याच्या घरी कचरा पाठवणं. त्यापेक्षा प्लास्टिकचं झाड बरं, असं तुमचं म्हणणं. मरण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून त्यावर सावकाश लिहिते. बाकीचे दोन आधी उरकते.

विषाची कथा १९१९ सालची. हवाईत एका लष्करी अधिकाऱ्याचं लहान मूल या झाडाचं पान खाऊन दगावलं, अशी वदंता पसरली. त्याला आधार काही सापडला नाही, पण गोष्ट मात्र टिकली. पुढे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदींचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू एकही नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना काहीसुद्धा झालं नव्हतं. तरी भीती अगदीच हवेतली नाही. हे झाड शेराच्या गोतातलं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते माहीत असलेल्या माणसाने याच्याकडेही संशयाने बघावं, हे साहजिक आहे. याचा चीक तेवढा जहाल नसतो. पण त्वचेला खाज सुटू शकते, लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी लांबच राहावं, आणि मांजराने पानं चावली तर लाळ गळते, उलटी होते. दिसेल ते तोंडात घालणारं मूल किंवा मांजर ज्या घरात आहे, तिथे मीही हे झाड देत नाही. जिवाला धोका नसला तरी सणाच्या दिवशी कुणाला उलट्या निस्तरायला का लावायच्या?

रंगाचं म्हणाल तर, लाल दिसतात ती पानंच. खरी फुलं म्हणजे मधोमध असलेले पिवळट बारीक गोंडे. रात्र मोठी होऊ लागली की शेंड्याकडची पानं आपोआप लाल होतात. नाताळला झाड तयार हवं म्हणून ज्यांना घाई असते, ते शेडवर काळं कापड ओढून रात्र लांबवतात. औषध मारतात हे खरं, पण ते उंची रोखायला. मेक्सिकोत मोकळ्या जमिनीवर हेच झाड माणसाच्या डोक्यावरून जातं. आणखी एक गंमत सांगते. कुंडीतल्या झाडाला भरपूर फांद्या फुटतात त्या फायटोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जिवाणूमुळे. तो नसेल तर झाड काठीसारखं सरळ वर जातं. निळी किंवा चमकी लावलेली झाडं मात्र शुद्ध रंगकाम. ती विकत घेऊ नका, याबाबत आपलं एकमत आहे.

आता मरण्याचं. बहुतेक झाडं पाण्याअभावी मरत नाहीत, पाण्यात बुडून मरतात. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद दिसायला छान असतो, पण त्याच्या तळाशी पाणी साचतं आणि मुळं कुजतात. मग पानं मलूल पडतात, घरचे समजतात झाड तहानलंय, आणि आणखी पाणी घालतात. म्हणून कागद काढूनच झाड द्यावं, किंवा निदान त्याच्या तळाला भोकं पाडावीत. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी घालायचं आणि बशीत उतरलेलं ओतून टाकायचं. जागा भरपूर उजेडाची हवी, पण हीटरचा किंवा गार वाऱ्याचा झोत नको. तापमान १० अंशांच्या खाली गेलं तर ते सोसत नाही, त्यामुळे थंडीच्या प्रदेशात दुकानातून घरी नेतानाही झाड झाकून न्यावं. आणि घरी पोचल्याबरोबर ते आवरण काढावं. गुंडाळून ठेवलेल्या झाडाची पानं खाली वळतात. निवडताना मधले पिवळे गोंडे घट्ट आणि ताजे बघावेत. ते गळून गेले असतील तर झाडाची बहार सरत आलेली असते. देणाऱ्याने एवढं बघावं आणि सोबत चार ओळी लिहून द्याव्यात. नुसती कुंडी हातात ठेवून निघून जाणाऱ्याबद्दल तुमचा राग मला मान्य आहे.

नीट ठेवलं तर रंग दोन महिने सहज टिकतो. आणलेला पुष्पगुच्छ आठवड्यात टाकताना आपल्याला अपराधी वाटत नाही, मग बहार संपल्यावर कुणी हे झाड निरोप देऊन कंपोस्टमध्ये घातलं तर त्यात गैर काय? ते वर्षभर जगवायची सक्ती घेणाऱ्यावर नसते. प्लास्टिकच्या झाडाची पानं गळत नाहीत, हे खरं. पण ते कंपोस्टमध्येही जात नाही.

ज्याला जगवायचं आहे त्याने पानगळीला घाबरू नये. खोड नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा, वसंतात वीतभर उंचीवर छाटा, कुंडी बदला आणि उन्हाळाभर शेंडे खुडत राहा.

तुम्हीच शेवटी लिहिलंय की गेल्या नाताळात आलेल्या दोन झाडांपैकी एक बाल्कनीत आहे, चांगलं वाढलंय, पण लाल व्हायचं नाव नाही, म्हणजे फसवणूकच. म्हणजे ते जगलं की! बाल्कनीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू असतो, असंही तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. अडचण तिथे आहे. याला सलग चौदा तास मिट्ट काळोख लागतो, रोज, आठ-दहा आठवडे. रस्त्यावरच्या दिव्याजवळची फांदी हिरवी आणि पलीकडची लाल, असंही होतं. सप्टेंबरअखेरपासून संध्याकाळी पाचला झाडावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला आणि सकाळी सातला काढा. दिवसा भरपूर उजेड, रात्री जरा गारवा. एखाद्या रात्री विसरलात तर थोडा उशीर होईल, पण रोज विसरलात तर हिरवंच राहील. बाल्कनीत झाकणं जमत नसेल तर रात्रीपुरतं एखाद्या बंद कपाटात ठेवलं तरी चालतं.