शोध १७५५ पाशी थांबत नाही

अकेडियन पूर्वजांच्या शोधावरच्या एका लेखात म्हटलंय की १७५५ साली इंग्रजांनी अकेडियन लोकांना (आजच्या पूर्व कॅनडात वसलेल्या फ्रेंचांच्या वंशजांना) हाकललं, गावं जाळली, त्यामुळे पूर्वजांचा माग तिथेच संपतो. हे मला पटत नाही. ग्रां-प्रे या अकेडियन गावच्या लोकांनी आपल्या चर्चची जन्म-लग्न-मृत्यूची वही हद्दपारीत सोबत नेली! घरदार, गुरंढोरं सगळं मागे राहिलं, पण ही वही अमेरिकेतल्या लुईझियानापर्यंत पोचली आणि आज तिथल्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरात आहे.

पूर्वज फ्रान्सकडे गेला असेल तर तिथल्या बेल-ईल बेटावर वसलेल्या अकेडियन कुटुंबांचे १७६७ चे जबाब आधी पाहा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीने नाकारलेली, मग इंग्लंडच्या बंदरांत वर्षानुवर्षं अडकलेली ही कुटुंबं. म्हाताऱ्या माणसांनी शपथेवर आपली वंशावळ सांगितली: कोण कुणाचा मुलगा, कुठे जन्मला, कोण कुठल्या परक्या गावात वारला. तीन-चार पिढ्या, सगळ्या तोंडपाठ. वाचताना माझा तरी गळा दाटून येतो.

आणि हो, आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहीत. इंग्रजी वसाहतींत राहिलेले काही लब्लां (फ्रेंचमध्ये अर्थ ‘पांढरा’) पुढे चक्क व्हाइट झाले. म्हणून आईबापांची नावं जुळतात का, ते आधी बघा.