हो, नाही आणि तसं म्हटलं तर

"काका, मधुमेह आहे?"

"छे!"

"मेटफॉर्मिन घेता?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मग मधुमेह आहे."

"अगं, गोळी घेतो ना, मग कुठे राहिला?"

हा संवाद मी महिन्यातून चार-पाच वेळा तरी करते. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते आणि विमा विकते. गाडीचा नाही, घराचा नाही. मेडिगॅपचा. म्हणजे मेडिकेअरला लावायचं ठिगळ. १९६५ च्या कायद्याने आलेलं हे सरकारी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा आरोग्य विमा, पासष्टी झाली की मिळतं. डॉक्टरांच्या बिलातले साधारण ८० टक्के ते भरतं, उरलेले २० टक्के आपण. त्या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही, हे कळलं की माणूस चहा खाली ठेवतो. मग मी ठिगळं काढून दाखवते. त्यांना शाळेतल्या तुकड्यांसारखी नावं आहेत, ए, बी, जी, एन वगैरे. मधल्या काही तुकड्या बंद पडल्या आहेत. एफ तुकडीत २०२० पासून पासष्टी गाठणाऱ्यांना प्रवेश नाही.

इथवर सगळं सुरळीत चालतं. मग अंडररायटिंग येतं. याला मराठीत नेमका शब्द मला सापडलेला नाही, मी तब्येतीची झाडाझडती म्हणते. नियम असा: पासष्टी झाली आणि मेडिकेअरचा भाग बी, म्हणजे डॉक्टरांच्या बिलांचा भाग, सुरू झाला की पुढचे सहा महिने कंपनी तुमच्या तब्येतीबद्दल एक अक्षर विचारू शकत नाही. सातव्या महिन्यात तीच कंपनी कपाळाला आठ्या घालून समोर बसते.

आमचे हे काका सत्तर वर्षांचे. पासष्टीला त्यांनी मेडिगॅप न घेता सरकारी मेडिकेअरच्या जागी चालणारा खाजगी कंपनीचा अॅडव्हान्टेज प्लॅन घेतला होता, कारण त्याचा जादा हप्ता शून्य आणि वर जिम फुकट. पाच वर्षं काका जिमला जात होते, म्हणजे जिमच्या शेजारच्या दुकानात कोथिंबीर स्वस्त मिळायची. आता त्यांचे वीस वर्षांचे डॉक्टर त्या प्लॅनच्या नेटवर्कमधून, म्हणजे प्लॅनला चालणाऱ्या डॉक्टरांच्या यादीतून, बाहेर पडले आणि काकांना एकदम मेडिगॅप आठवलं.

"टीव्हीवर रोज सांगतायत, ७ डिसेंबरपर्यंत ओपन एन्रोलमेंट आहे म्हणून!"

"काका, ती अॅडव्हान्टेज आणि औषधांच्या प्लॅनची नावनोंदणी. तुम्ही सरकारी मेडिकेअरमध्ये परत जाऊ शकता, पण मेडिगॅपवाले प्रश्न विचारणार."

"न्यूयॉर्कात विचारत नाहीत म्हणे."

"नाही विचारत. कनेक्टिकटमध्येही नाही. तिथे बाराही महिने दार उघडं असतं."

काकांनी खिडकीतून पूर्वेकडे असं पाहिलं, की हडसन नदी पोहूनच जायची असावी.

फॉर्म उघडला. फॉर्मचे प्रश्न सरळ असतात, गेल्या दोन वर्षांत हे झालं का, ते झालं का, आणि पुढे दोन चौकोन, हो किंवा नाही. आता आपल्या भाषेत आजाराला हो किंवा नाही असतं का? आपल्याकडे शुगर 'बॉर्डरवर' असते. बीपी 'जरासं' असतं. हार्ट 'तसं ठीक' असतं. दम लागत नाही, 'जिना चढताना होतं थोडं'. तिसरा चौकोन हवा, 'तसं म्हटलं तर'. तो असता तर आमचा निम्मा समाज त्यात बसला असता.

शिवाय काकांच्या डोक्यात गावाकडचा विमा एजंट. तो फॉर्म स्वतःच भरायचा, सगळीकडे 'नाही' लिहायचा आणि चहा पिऊन सही घेऊन जायचा. मी तसं करत नाही म्हटल्यावर काकांना माझ्या हुशारीबद्दल शंका आली. मी समजावलं की पहिल्या दोन वर्षांत दावा आला आणि खोटं सापडलं, तर पॉलिसी रद्द होऊ शकते. "म्हणजे खरं सांगितलं तर देत नाहीत आणि खोटं सांगितलं तर काढून घेतात," काका म्हणाले. मला यावर उत्तर नव्हतं.

उंची विचारली. पाच फूट आठ. ही १९८० च्या पासपोर्टावरची. भिंतीला उभं करून मोजली तर पाच साडेसहा भरली. कंपनीकडे उंची-वजनाचा तक्ता असतो. वजन तेवढंच राहून उंची आटली की माणूस भलत्या रकान्यात घसरतो. काका मोजे काढून परत काट्यावर चढले. मग खिशातल्या किल्ल्या काढल्या. मग चष्मा.

औषधांची यादी हा वेगळाच सोहळा. इथल्या फार्मसीची यादी कंपनीला आपोआप दिसते. पण काकांची दोन औषधं दर हिवाळ्यात पुतण्याच्या सुटकेसमधून येतात, लाडूंच्या डब्यामागे. "ती कशाला लिहायची? ती त्यांना दिसत नाहीत." मी लिहिली. आवळ्याचं चूर्ण लिहायचं का, यावर आम्ही दहा मिनिटं घालवली.

मग कंपनीचा फोन. तो स्पीकरवर असतो, सगळं रेकॉर्ड होतं, आणि मी मध्ये बोलायचं नसतं. पलीकडे गोड आवाजाची बाई. तिने विचारलं, गेल्या मार्चमध्ये तुम्ही गॅबापेंटिन घेतलं होतं, कशासाठी? काका गार. हिला कसं कळलं? या गोळीला विमावाले बिचकतात, कारण ती मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात आणि मधुमेह्याने ती घेतली की पायाच्या नसा गेल्या की काय, असं त्यांना वाटतं.

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "नागीण झाली होती तेव्हाची!"

चाळीस वर्षं अमेरिकेत राहून काकांना ऐन वेळी नागिणीचा इंग्रजी शब्द आठवला नाही. त्यांनी भाषांतर केलं. ते म्हणाले, मादी साप होता, कमरेभोवती.

पलीकडे शांतता. "सर, तुम्हाला साप चावला होता?"

"नाही, नाही. आपोआप आला."

काकू पदराला हात पुसत आल्या, फोन हातात घेतला आणि "शिंगल्स" असा एकच शब्द म्हणून परत फोडणीकडे गेल्या. बाईंनी सुटकेचा श्वास सोडलेला आम्हा तिघांना ऐकू आला. मला वाटलं, सुटलो.

शेवटचा प्रश्न राहिला होता. डॉक्टरांनी एखादी शस्त्रक्रिया किंवा तपासणी सुचवली आहे का, जी अजून झालेली नाही? हा प्रश्न दिसायला गरीब, पण जास्तीत जास्त माणसं इथेच गारद होतात. आजारी असण्यापेक्षा आजाराचं काम बाकी असणं कंपनीला जास्त जड जातं.

काका ताठ बसले. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टर दोन वर्षं सुचवतायत, पण आपण त्यांना साफ नकार दिला आहे, आपण रोज पाच मैल चालतो, असं त्यांनी बाईंना ठणकावून सांगितलं. पुरस्कार स्वीकारताना बोलतात तसा आवाज लागला होता. मी टेबलाखाली स्वतःचाच हात दाबून धरला.

आठवड्यात पत्र आलं. नाही. नशीब, जुना प्लॅन सोडू दिला नव्हता. ते मी कुणालाच मंजुरी येईपर्यंत सोडू देत नाही.

आता काकूंची गोष्ट. काकूंना पुढच्याच महिन्यात पासष्ट पूर्ण. २०१९ चा एक स्टेंट, दिवसाला साठ युनिट इन्सुलिन, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. काका ज्या झाडाझडतीत पडले, तिथे काकूंना दारातूनच परत पाठवलं असतं. पण काकू सहा महिन्यांच्या खिडकीत. मी फॉर्म काढला, नाव, पत्ता, मेडिकेअरचा नंबर लिहिला. तब्येतीचं पान आलं. त्यावर छापलेलं होतं की अशा अर्जदारांनी हे पान सोडून पुढे जावं. मी पान उलटलं.

"हे काय? पान राहिलं," काकू म्हणाल्या.

"ते तुम्हाला लागू नाही. तुम्हाला काही विचारायचं नाही त्यांनी. जी प्लॅन, पहिल्या तारखेपासून सुरू."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही."

काकांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण पान उलटत नव्हतं.

काकू उठल्या आणि आतून चितळ्यांची कापडी पिशवी घेऊन आल्या. आत १९९८ पासूनचे सगळे रिपोर्ट, वर्षावार, रबर लावून. दोन रात्री बसून लावले होते म्हणे. माझ्यापुढे डिंकाच्या लाडवाची बशी सरकवून त्यांनी चष्मा चढवला.

"ते नाही तर नाही, तू तरी विचार," त्या म्हणाल्या, आणि पहिलं रबर काढलं.